कर्जावर वसलेलं गाव

अठराव्या शतकाच्या अखेरीस नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्स बंदरात, एका किराणा दुकानात, जुन्या हस्तलिखित पानांचा गठ्ठा सापडला. पानांवर आकडे घातलेले होते आणि हाती लागलेलं पहिलं पान ३३९ वं होतं. आधीच्या ३३८ पानांचं काय झालं असेल, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. वाण्याच्या दुकानात कागद कशासाठी असतो ते आपल्याला ठाऊक आहे. आपलेही कितीतरी मोडी रुमाल हिंग-जिऱ्याच्या पुड्यांच्या वाटेने गेले.

तो गठ्ठा विल्यम ब्रॅडफर्डने जपलेल्या पत्रांच्या नकलांचा होता. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर १६२० साली वसलेल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीचा हा गव्हर्नर. १६२१ पासून १६५७ मध्ये मरेपर्यंत, मधली मोजकी वर्षं सोडली, तर कारभार त्याच्याच हाती होता. उरलेल्या पत्रांत देवाधर्माचं आहे, भांडणांचं आहे आणि पैशांचं तर फारच आहे. कोणी किती दिले, कोणी किती उचलले, माल कुठल्या जहाजाने गेला, व्याज कसं लावलं. ब्रॅडफर्डने वसाहतीचा इतिहासही लिहून ठेवला होता. ते हस्तलिखित कधीतरी इंग्लंडला गेलं आणि लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात पडून राहिलं. १८५५ मध्ये ते ओळखलं गेलं, पुढच्या वर्षी छापलं गेलं आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळालं.

माझी सारी नोकरी एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. निवृत्तीनंतर हा इतिहास हातात घेतला तेव्हा मी प्रवचनांची अपेक्षा केली होती. चाळीसेक पानांनंतर पेन्सिल घेऊन समासात बेरजा करू लागलो. कारण हा ब्रॅडफर्ड मला ओळखीचा वाटला. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत तो अनेकदा येऊन बसलेला आहे. हप्ते भरतो, पावत्या जपून ठेवतो, आणि तरीही बाकी कमी का होत नाही हे ज्याला कळत नाही, तो कर्जदार. हे पुस्तक त्या समासातल्या बेरजांतून निघालं.

प्लिमथबद्दल आपल्याकडे जे माहीत असतं ते मेफ्लॉवर जहाज, धर्मछळाला कंटाळलेले यात्रेकरू आणि थँक्सगिव्हिंगची टर्की एवढंच. धर्म खोटा नव्हता. हॉलंडमधल्या लायडन शहरात बारा वर्षं परागंदा राहिलेली ही मंडळी खरोखरच आपल्या पद्धतीने प्रार्थना करता यावी म्हणून निघाली होती. पण समुद्र ओलांडायला जहाज लागतं, जहाजाला भाडं लागतं आणि ते यांच्याकडे नव्हतं. टॉमस वेस्टन नावाच्या लंडनमधल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने सत्तरएक भागीदार जमवले. त्या काळात लंडनचे पैसेवाले असेच समुद्रापलीकडच्या उद्योगांत भाग घेत होते. सुरतेला वखार घालणारी ईस्ट इंडिया कंपनी त्यांच्यातलीच थोरली. फरक इतकाच की सुरतेला माल तयार होता, चांदी मोजली की मिळत होता. इथे आधी झाड तोडायचं, मग घर बांधायचं, मग पेरायचं आणि त्यानंतर कधीतरी विकण्याजोगं काही सापडेल तर पाहायचं.

करार साधा होता. एक भाग दहा पौंडांचा. सोळा वर्षांवरचा जो कोणी जाईल त्याच्या अंगमेहनतीचा एक भाग धरायचा. सात वर्षं सगळं सामाईक: काम, धान्य, नफा. सात वर्षांनी घरं, जमीन, माल यांची लंडनकर आणि वसाहतकर यांच्यात भागांप्रमाणे वाटणी. लायडनच्या मंडळींनी मागितलं होतं की आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मिळावेत, आणि घर व परसबाग वाटणीतून वगळावी. वेस्टनने ही दोन्ही कलमं काढून टाकली. साउथम्प्टनच्या धक्क्यावर जहाज उभं असताना यांनी सही करायला नकार दिला. वेस्टन रागावून, आता तुमचं तुम्ही बघा म्हणत, निघून गेला. बंदराची देणी भागवायला जवळ पैसे नव्हते. मग प्रवासासाठी भरलेली लोण्याची साठ-ऐंशी पिंपं विकली आणि जहाज सोडवलं. थोरामोठ्यांच्या चरित्रात असली गोष्ट दोन ओळींत संपते. मला मात्र वाटतं की प्लिमथचा आर्थिक इतिहास सुरू होतो तो इथे, या लोण्यापाशी.

सोबतचं स्पीडवेल जहाज गळकं निघालं, दोनदा मागे फिरावं लागलं. सप्टेंबरात एकटं मेफ्लॉवर १०२ प्रवाशांना घेऊन निघालं आणि ऐन थंडीच्या तोंडावर पोचलं. वसंत येईपर्यंत निम्मे मेले.

उरलेले जगले कशावर, याचं उत्तर लंडनच्या कुठल्याच खात्यात सापडत नाही. केप कॉडच्या वाळूत पुरून ठेवलेलं मक्याचं बियाणं त्यांनी उकरून नेलं. ते कोणाचं तरी होतं, आणि त्याची भरपाई पुढे त्यांनी केली हेही नोंदवायला हवं. ज्या जागी गाव वसवलं ती साफ केलेली, पिकाखालची जमीन होती. तिचं नाव पटक्सेट. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव संपूर्ण मेलं होतं. तिथला टिस्क्वांटम नावाचा एक माणूस वाचला, कारण १६१४ मध्ये टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमधल्या मालागाला विकलं होतं. टिस्क्वांटम तिथून लंडनला पोचला, इंग्रजी शिकला, १६१९ मध्ये घरी परतला, तर घरच नव्हतं. याच माणसाने १६२१ च्या वसंतात नवागतांना मक्याच्या आळ्यात मासा पुरून पेरायला शिकवलं. जंगल तोडण्याची काही वर्षांची मजुरी, बियाणं, शेतीचं ज्ञान आणि शेजारच्या वांपानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याशी झालेला तह, हे सगळं भांडवल होतं. ताळेबंदात त्याला रकाना नव्हता.

मेफ्लॉवर एप्रिल १६२१ मध्ये रिकामं परत गेलं. त्यावर वेस्टनने खरमरीत पत्र धाडलं: जहाज रिकामं पाठवलंत, तुमचा वेळ बोलण्यात जातो. ते पत्र आलं फॉर्च्यून नावाच्या जहाजातून, आणि त्यासोबत आली पस्तीस नवी माणसं, शिधा न घेता. एवढं असूनही गावाने फॉर्च्यून भरून दिलं. पिंपांसाठीच्या चिरलेल्या लाकडी फळ्या, बीव्हर आणि पाणमांजराच्या कातड्यांची दोन पिंपं, किंमत पाचशे पौंडांच्या आसपास. वाटेत फ्रेंचांनी ते जहाज धरलं, माल काढून घेतला आणि रिकामं करून सोडलं. पहिला मोठा हप्ता समुद्रात बुडाला नाही, लुटला गेला. कर्जदाराच्या नावावर मात्र दोन्ही सारखेच.

आता १६२३ कडे येतो. या वर्षावर मी एक पूर्ण प्रकरण खर्च केलं आहे, आणि त्याचं कारण भांडण आहे. दर नोव्हेंबरात अमेरिकेतली काही वर्तमानपत्रं एक बोधकथा सांगतात: प्लिमथकरांनी आधी साम्यवाद करून पाहिला, उपाशी मेले, मग जमीन खासगी केली आणि भरभराटले. कथेला आधार ब्रॅडफर्डचाच आहे. तो लिहितो की तरण्याताठ्यांना दुसऱ्याच्या बायकापोरांसाठी फुकट राबणं जड जात होतं. बायकांना परक्या पुरुषांचं रांधणं-धुणं गुलामीसारखं वाटत होतं. म्हणून त्या वसंतात घरटी जमीन वाटून दिली, पोरकी पोरं एकेका कुटुंबाकडे लावली, आणि बायकासुद्धा लेकरांना घेऊन शेतात उतरल्या. मका जास्त पेरला गेला. उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला, मग वेळेवर पाऊस आला, आणि सुगी चांगली झाली.

हे सगळं खरं आहे. पण वाटलेली जमीन त्या हंगामापुरती कसायला दिलेली होती, वारशाने द्यायची नव्हती. माणशी एक एकर कायम ठेवण्याचं ठरलं ते पुढच्या वर्षी, लोकांनी मागितलं म्हणून. आणि मुख्य म्हणजे आधीचा सामाईकपणा कुणा साधूच्या स्वप्नातून आलेला नव्हता. तो लंडनच्या भागीदारांनी घातलेली अट होती. सगळं एकत्र ठेवलं की वाटणीच्या वेळी काही लपवता येत नाही, हा सावकारी हिशेब. आपल्याकडच्या सावडीशीही त्याची तुलना होत नाही. सावडीत आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. हिशेब तोंडी असला तरी असतो, आणि पीक ज्याचं त्याचं राहतं. प्लिमथची पहिली तीन वर्षं मला अर्धेलीच्या जवळची वाटतात: राबणारा इथे, निम्म्याचा धनी सात समुद्रांपलीकडे. अर्धेलीने कसलेल्या शेतात बांधबंदिस्ती का होत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला १६२१ आणि १६२२ च्या सुगीचं कोडं पडणार नाही. १६२३ मध्ये बदलला तो फक्त मका. कर्ज, कातडी, मासे, व्यापार सगळं सामाईकच राहिलं.

माशांबद्दल थोडक्यात. जगातली उत्तम मासेमारी दाराशी असताना यांना ती कधी जमली नाही. सुरुवातीला योग्य गळ नि जाळी नव्हती. पुढे लंडनहून मीठ करणारा म्हणून एक तज्ज्ञ पाठवला गेला. त्याला उकळण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि त्याने भांडीही जाळून टाकली. ब्रॅडफर्डला विनोदाचं अंग होतं हे या माणसाच्या वर्णनावरून कळतं.

लंडनची कंपनी तोवर फुटली होती. वेस्टन भाग विकून बाहेर पडला. १६२५ मध्ये वसाहतीचा सेनानी मायल्स स्टँडिश तडजोडीसाठी लंडनला गेला, तर शहरात प्लेग. हात हलवत परत येऊ नये म्हणून त्याने व्यापाराचा माल घेण्यापुरते दीडशे पौंड उचलले, दर शेकडा पन्नास व्याजाने. पुढच्या वर्षी वसाहतीतलाच आयझॅक ॲलर्टन गेला, त्याला शेकडा तीसने मिळाले आणि ते स्वस्त वाटले. ॲलर्टननेच मोठा सौदा केला. नोव्हेंबर १६२६ मध्ये बेचाळीस भागीदारांनी सह्या केल्या: अठराशे पौंडांत आमचे सगळे हक्क तुम्हाला, दोनशेचा हप्ता दरसाल, नऊ वर्षं.

ही रक्कम कोण देणार? गावातल्या आठ जणांनी जबाबदारी उचलली: ब्रॅडफर्ड, स्टँडिश, ॲलर्टन, विन्स्लो, ब्रूस्टर, हाउलंड, ऑल्डन आणि प्रेन्स. लंडनहून जेम्स शर्ली आणि आणखी तिघे. बदल्यात त्यांना सहा वर्षं वसाहतीच्या सगळ्या व्यापाराचा मक्ता, आणि प्रत्येक भागधारकाकडून वर्षाला तीन बुशेल मका किंवा सहा पौंड तंबाखू. उलट या आठांनी दरसाल पन्नास पौंडांची पादत्राणं वगैरे आणून लोकांना मक्याच्या मोबदल्यात विकायची. जामीनदार आणि मक्तेदार एकच, ही सोय आम्हाला बँकेत कुणी करू दिली नसती. इथे ती तीन-चार वर्षं बरी चालली, कारण सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत होते.

त्याच वेळी गुरांची वाटणी झाली. तीन कालवडी आणि एक वळू १६२४ मध्ये आले होते. तीन वर्षांनी कळपाची वाटणी करता येण्याइतका विस्तार झाला होता. एकशे छप्पन्न माणसं, तेरा-तेरांचे बारा गट, एकेका गटाला एखादी गाय किंवा कालवड आणि दोन शेळ्या. तान्ही मुलंसुद्धा मोजली आहेत. एका गटाच्या वाट्याला आलेल्या तांबड्या गाईपुढे नोंद आहे की ही वसाहतीतल्या गरिबांची गाय. साऱ्या दप्तरात मला सर्वांत आवडलेली ओळ ही.

हप्ते कशातून निघाले, तर शिंपल्यांतून. वॅम्पम म्हणजे शंख-शिंपल्यांचे पांढरे नि जांभळे, छिद्र पाडलेले बारीक मणी. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचे लोक ते घडवत. डच व्यापाऱ्यांनी त्यांचा उपयोग आधी ओळखला होता. १६२७ मध्ये डचांचा अधिकारी इसाक द रासिएर प्लिमथला आला आणि त्याने सुमारे पन्नास पौंडांचे मणी यांना विकले. आपण कवडीमोल म्हणतो तेव्हा कवडी एके काळी बाजारात चालत होती हे विसरतो. वॅम्पमचंही तसंच, इंग्रजांना ते आधी पोरखेळ वाटलं. सुरुवातीची दोनेक वर्षं माल खपेना. मग उत्तरेला केनेबेक नदीवरच्या अबेनाकी लोकांत त्याला इतकी मागणी आली की पुरवठा पुरेना. त्या नदीवर यांचा जम आधीच बसला होता: १६२५ मध्ये विन्स्लो एक होडीभर मका घेऊन गेला आणि सातशे पौंड वजनाचं बीव्हर घेऊन आला. आता मक्यापाठोपाठ मणी जाऊ लागले.

बीव्हर हा नदीत बांध घालणारा कुरतडखोर प्राणी. त्याची लव नमद्याच्या टोप्यांसाठी लंडनला जाई. अंगावर वापरून राठ केस झडलेल्या कातड्याला, ज्याला कोट-बीव्हर म्हणत, पौंडाला वीस शिलिंगांपर्यंत भाव होता. अबेनाकी माणसाने दोन हिवाळे पांघरलेली कातडीच लंडनच्या बाजारात सर्वांत महाग होती. १६३१ ते १६३६ या काळात प्लिमथने बारा हजार पौंड वजनाहून अधिक बीव्हर पाठवलं. अठराशे पौंडांचं कर्ज यात कितीदा फिटायला हवं होतं, ही बेरीज मी वाचकावर सोडतो.

ते फिटलं नाही, याला एक नाव आहे ॲलर्टन. तो दरवर्षी लंडनला जाई, येताना त्याच जहाजातून स्वतःचाही माल आणी, आणि दोन्हींचे हिशेब एकमेकांत मिसळत. पेनॉबस्कॉटला नवं ठाणं, भाड्याची जहाजं, गावाच्या संमतीशिवाय केलेले खर्च. १६३१ मध्ये चोपड्या उघडल्या तेव्हा वसाहतीच्या डोक्यावर साडेचार हजार पौंडांच्या वर देणं निघालं, आणि खरेदीच्या रकमेतले हजार बाकीच होते. गावाने त्याला आधी का थांबवलं नाही? तो वडीलधाऱ्या ब्रूस्टरचा जावई होता. दुसरं नाव शर्लीचं. तो माल विकत राहिला, हिशेब पाठवायचं टाळत राहिला. त्याचे लंडनचे भागीदारही आपल्याला काही मिळालं नाही म्हणून ओरडत राहिले. ब्रॅडफर्डने ॲलर्टनला लबाड म्हणायचं जवळजवळ टाळलं आहे. मी या पुस्तकात टाळलेलं नाही.

१६३० पासून शेजारी मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत दहा वर्षांत वीसएक हजार इंग्रज उतरले. त्यांना गुरं हवी होती, मका हवा होता. प्लिमथच्या शेतकऱ्याच्या हाती प्रथमच पैसा खेळू लागला. चराई कमी पडू लागली, म्हणून लोक डक्सबरी, मार्शफील्ड असे पांगले, आणि ब्रॅडफर्डला आपलं एकजिनसी गाव फुटल्याचं दुःख झालं. मग १६४० मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं जुंपलं, जहाजं यायची थांबली. वीस पौंडांच्या वर गेलेली गाय पाच पौंडांवर आली. सगळी तेजी नवागतांच्या खिशातली होती, हे तेव्हा कळलं. बीव्हर एव्हाना आटत चाललं होतं आणि पेनॉबस्कॉटचं ठाणं फ्रेंचांनी घेतलं होतं. शेवटचा निकाल जमिनीने लागला. ब्रॅडफर्ड, विन्स्लो, स्टँडिश, ऑल्डन, प्रेन्स यांनी स्वतःची घरं नि शेतं देऊन १६४८ पर्यंत लंडनची बाकी मिटवली. सात वर्षांचा करार अठ्ठावीस वर्षं चालला.

पण ही जमीन कुठून आली होती, हा प्रश्न शेवटच्या प्रकरणासाठी ठेवला आहे. १६४९ चं एक खरेदीखत पुढे ब्रिजवॉटर झालेल्या मोठ्या टापूचं आहे. मॅसासॉइटला त्याबद्दल मिळालं ते असं: सात कोट, नऊ कुऱ्हाडी, आठ कुदळी, वीस सुऱ्या, चार मूस हरणांची कातडी आणि साडेदहा वार कापड. घेणाऱ्यांत स्टँडिश होता. बीव्हर संपल्यावर मॅसासॉइटच्या लोकांकडे इंग्रजी माल घ्यायला जमिनीशिवाय काही उरलं नव्हतं, आणि इंग्रजांना आता कातड्यांपेक्षा कुरणं हवी होती. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये शस्त्र उचलून उभा राहिला. पुढच्या वर्षी मारला गेला. बंदिवान गुलाम म्हणून जहाजांनी बाहेर धाडले गेले, मेटाकॉमच्या लहान मुलालाही विकायला पाठवलं गेलं. १६९१ च्या सनदेने प्लिमथ मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झालं.

वाचकांना दोन सूचना. पुस्तकातल्या तारखा तेव्हाच्या जुन्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत. ते आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं आणि वर्ष २५ मार्चला बदलत असे. पौंड म्हणजे वीस शिलिंग आणि शिलिंग म्हणजे बारा पेन्स. या रकमांचे आजचे रुपये करून पाहण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी शेजारी गाय किंवा बुशेलभर मका ठेवून मोजावं, मीही तसंच केलं आहे. बेरजा मी तीनदा तपासल्या आहेत. तरीही एखादी चुकलेली आढळली तर पान क्रमांकासह जरूर कळवावी.